संगणक मंदावला की आधी विचारावे: हे काम सांगितले कोणी?

आयटीआयमधून कोपा (कॉम्प्युटर ऑपरेटर अँड प्रोग्रामिंग असिस्टंट) हा एक वर्षाचा ट्रेड पूर्ण करून मी यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी संगणक दुरुस्तीचे काम सुरू केले, तेव्हा मंद चालणाऱ्या संगणकावर माझ्याकडे फॉरमॅट हा एकच उपाय होता. तो का अपुरा आहे, हे मला ज्या प्रसंगाने शिकवले, तो या क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांसाठी सविस्तर सांगतो.

जुलैचा शेवटचा आठवडा होता. खरिपाच्या पीक विम्याची मुदत संपत आली होती आणि एका सेवा केंद्राच्या ओसरीवर सातबारा व पासबुक घेऊन शेतकरी सकाळपासून बसले होते. केंद्र चालवणाऱ्या ताईंनी फोनवर सांगितले, "भाऊ, नुसतं गोल गोल फिरून राह्यलं, अन् बाहेर लोकं बसून हायेत." मी जाऊन कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणे एकत्र दाबून टास्क मॅनेजर, म्हणजे संगणकावर काय काय चालू आहे ते दाखवणारी खिडकी, उघडली. 'डब्ल्यूएमआय प्रोव्हायडर होस्ट' नावाची प्रक्रिया (पडद्याआड चालणारा प्रोग्राम) दोन कोअरच्या त्या जुन्या प्रोसेसरचा जवळपास निम्मा भाग अडवून बसली होती. मी ती बंद केली. थोड्याच वेळात ती पुन्हा उभी राहिली. मग मी फॉरमॅट केले. विंडोज, प्रिंटर, अंगठ्याचे मशीन, ते मशीन चालण्यासाठी लागणारी आरडी सर्व्हिस असे सगळे पुन्हा बसवण्यात दुपार गेली, बाहेरची माणसे उठून गावी परतली, आणि संध्याकाळी पाहतो तो आकडा पुन्हा ५० टक्क्यांवर होता.

ती माणसे रिकाम्या हाताने परत गेली, ही गोष्ट मला झोपू देईना. त्यानंतर मी ही प्रक्रिया नेमके काय करते, ते नीट समजून घेतले. विंडोजमधील एखाद्या प्रोग्रामला प्रिंटर, डिस्क, बॅटरी किंवा चालू असलेल्या सेवा यांची माहिती हवी असते, तेव्हा तो डब्ल्यूएमआय या यंत्रणेला प्रश्न विचारतो आणि उत्तर जमा करण्याचे काम ही प्रक्रिया करते. म्हणजे ती स्वतःहून क्वचितच धावते. कोणीतरी तिला सारखे धावायला लावत असते. पाणी सतत शेंदले जात असेल, तर विहिरीला दोष न देता दोर कोणाच्या हातात आहे, हे पाहावे लागते.

तो हात शोधण्याची सोय विंडोजमध्येच आहे. इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची नोंदवही, उघडून ॲप्लिकेशन्स अँड सर्व्हिसेस लॉग्ज, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, डब्ल्यूएमआय-ॲक्टिव्हिटी आणि शेवटी ऑपरेशनल या क्रमाने जावे. तेथे ५८५८ क्रमांकाच्या त्रुटींच्या नोंदीत 'क्लायंट प्रोसेस आयडी', म्हणजे प्रश्न विचारणाऱ्या प्रोग्रामचा क्रमांक, लिहिलेला असतो. अशी एखाददुसरी नोंद निरोगी संगणकावरही सापडते. पण एकच क्रमांक मिनिटामिनिटाला येत असेल, तर तो कागदावर टिपून टास्क मॅनेजरच्या डिटेल्स पानावरील पीआयडीच्या (प्रोसेस आयडीच्या) रकान्यात शोधावा. हे सर्व संगणक रीस्टार्ट करण्यापूर्वी करावे, कारण रीस्टार्टनंतर हे क्रमांक बदलतात आणि जुन्या नोंदीवरून भलत्याच प्रोग्रामवर संशय जातो. ताईंच्या संगणकावर तो क्रमांक निघाला प्रिंटरसोबत आलेल्या देखरेखीच्या सॉफ्टवेअरचा, जे मी फॉरमॅटनंतर स्वतःच्या हाताने पुन्हा बसवले होते. ते काढून केवळ ड्रायव्हर ठेवला. छपाई पूर्वीसारखीच चालली आणि प्रोसेसर शांत झाला.

डब्ल्यूएमआय ही सेवाच कायमची बंद करावी, असा सल्ला कोणी दिला तर तो मानू नये, कारण विंडोजचे इतर अनेक भाग तिच्यावर अवलंबून आहेत. मात्र प्रक्रिया खरी आहे की तिच्या नावाआड व्हायरस आहे, हे पाहावे: त्यासाठी नावावर उजवी क्लिक करून फाइलची जागा उघडावी. खरी फाइल विंडोज फोल्डरातील सिस्टम३२ च्या आत डब्ल्यूबीईएम या फोल्डरात असते. ६४ बिट विंडोजमध्ये तिची दुसरी प्रत सिसवाव६४ (SysWOW64) मधील त्याच नावाच्या फोल्डरातही असते. डिटेल्स पानावर 'सिस्टम आयडल प्रोसेस' समोर ९५ दिसले तर घाबरू नये; तो प्रोसेसरच्या मोकळ्या वेळेचा आकडा आहे.

आमच्या भागात आणखी एक तक्रार फार येते: सकाळी संगणक सुरू केल्यावर तासभर डिस्क १०० टक्के दिसते. याचे कारण विजेत आणि आपल्या सवयीत आहे. विंडोजची स्वयंचलित देखभाल मुळात रात्री दोनची ठरलेली असते. त्या वेळी संगणक बंद असतो, म्हणून राहिलेले काम तो दिवसा जरा मोकळा दिसताच उरकू पाहतो. त्यातच अपडेट आणि अँटिव्हायरसची तपासणी येते, आणि जुनी फिरती हार्ड डिस्क इतक्या ठिकाणी एकदम पोचू शकत नाही. मध्येच भारनियमन झाले की अर्धवट अपडेट पुन्हा पहिल्यापासून सुरू होण्याची शक्यता असते. मी केंद्रचालकांना सुटीच्या दिवशी, वीज असलेल्या वेळी, संगणक दोन-तीन तास नुसता चालू ठेवायला सांगतो, आणि मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम असेल तर ते जोडणीच्या सेटिंगमध्ये 'मीटर्ड' (मोजका डेटा असलेले) करून देतो, म्हणजे कामाच्या वेळी बहुतेक अपडेट डेटा ओढत नाहीत. पैसे खर्च करायची तयारी असेल, तर रॅम वाढवण्याआधी एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) बसवावी, असे माझे ठाम मत आहे; या विशिष्ट तक्रारीवर तिच्याइतका फरक दुसऱ्या कशाने पडलेला मी पाहिला नाही.

मे महिन्यात मात्र कोणत्याही प्रक्रियेला हात लावण्यापूर्वी मी कॅबिनेट उघडतो. जिनिंगजवळच्या दुकानांत कापसाचे बारीक तंतू पंख्याच्या खालच्या हीटसिंकमध्ये (प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या पट्ट्यांमध्ये) नमद्यासारखे बसतात. बाहेर ४५ अंश तापमान असताना प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो आणि एरवी न जाणवणारे पार्श्वभूमीचे कामही जड वाटू लागते. टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स पानावर प्रोसेसर पूर्ण व्यस्त असूनही चालू वेग बेस स्पीडपेक्षा (प्रोसेसरच्या मूळ ठरलेल्या वेगापेक्षा) बराच खाली अडकलेला दिसला, तर उष्णतेचा संशय घ्यावा. अशा वेळी संगणक बंद करावा, पंख्याचे पाते बोटाने धरून मऊ ब्रशने तंतू काढावेत, प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामधील सुकलेली थर्मल पेस्ट बदलावी आणि मग तोच आकडा पुन्हा पाहावा.