गुलमोहराच्या बुंध्यावरची अळंबी कशी बघावी

चाळीस वर्षं सुतारकाम केलं. गुडघ्यांनी रंधा सोडायला लावला, पण लाकूड दिसलं की ठोकून बघायची खोड काही गेली नाही. आता रोज सकाळी कोथरूडच्या बागेत खिशात छोटा आरसा आणि लाकडी मोगरी घेऊन फिरतो. वॉचमन हसतो.

पावसाळ्यात गुलमोहराच्या बुंध्याला, मातीलगत, अर्ध्या ताटलीसारखी अळंबी फुटते. वरून लालसर, पॉलिश मारल्यासारखी चकचकीत. वाढत असेल तर कडेला पांढरी किनार. हा गॅनोडर्मा, लाकूड कुजवणारी बुरशी. वर चॉकलेटी भुकटी दिसली तर माळ्याचा गेरू सांडला असं समजू नका, ते त्याचे बीजाणू असतात.

तोडू नका. वाकून आरसा खाली धरा. सुईनं टोचल्यासारखी बारीक भोकं दिसली तर गॅनोडर्मा किंवा तसलीच दुसरी एखादी बुरशी. अंगठ्याच्या नखाएवढे, केसाळ, पांढुरके पंखे असतील आणि खाली मधोमध चिरलेल्या पाकळ्या दिसल्या, तर ते शिझोफायलम. ते बहुतेक वाळक्या फांदीवर येतं, त्याची मी फार फिकीर करत नाही.

बुंध्यातल्याची करतो. मोगरीनं मुळापासून छातीपर्यंत हलकेच ठोका, मग शेजारच्या निरोगी गुलमोहराला तसंच ठोका. एक ठक्क वाजेल, दुसरा ढब. ढब वाजला तर आत पोकळी असू शकते. पण ठक्क वाजला म्हणून निर्धास्त होऊ नका, मुळं कुजलेली मोगरीला कळत नाहीत.

एकदा कोणीतरी सगळ्या ताटल्या खुरप्यानं खरवडून टाकल्या. झाडाचा रोग गेला म्हणे! अहो, आंबे उतरवले म्हणून आंब्याचं झाड मरतं का? बुरशीचं खरं अंग आत, लाकडात असतं. उलट बघायची खूण तेवढी गेली.

घरी नेऊन उगाळायचीही नाही. माझी आजी पोरांचं तोंड आलं की फणसोंबा नावाची अळंबी उगाळून लावायची, पण ती फणसाच्या झाडावरची, जाणत्यानं आणलेली.

दर महिन्याला त्याच जागेवरून, मापासाठी शेजारी आपला हात ठेवून फोटो काढा. ताटल्या वाढत असतील तर फोटोंसह उद्यान विभागाला अर्ज द्या. झाडाखाली बाक किंवा घसरगुंडी असेल तर तेही लिहा. स्वतः कुऱ्हाड लावू नका, १९७५ च्या कायद्यानं शहरातलं झाड तोडायला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते.

आमच्या अर्जाचं उत्तर यायचंय. तोवर मी पलीकडच्या कडुनिंबाखाली बसतो.