स्वमग्न (ऑटिस्टिक) मुलाला पुण्याचं केळकर संग्रहालय दाखवायचं असेल तर

आधी तुम्ही एकट्यानं जाऊन या. बाजीराव रस्त्यावरून दारापर्यंत कसं पोचायचं, तिकीट कुठे, जिना कसा, उजेड कुठे मंद, टेकायला जागा कुठे, स्वच्छतागृह कुठे, हे सगळं मुलाच्या नजरेनं बघा. फोटो चालतात का ते विचारून थोडे काढा.

घरी त्या फोटोंची वही करा. "आपण रिक्षानं जाऊ. तिकीट काढू. वस्तू काचेच्या कपाटात असतात. त्या फक्त बघायच्या. नको वाटलं की बाहेर येऊ." शेवटचं वाक्य गाळू नका. आठवडाभर रोज झोपताना वाचा. पुढे काय होणार हे कळलं नाही की ही मुलं बिथरतात. कळलं की आपलाच हात धरून पुढे नेतात.

आठवड्याच्या मधल्या वारी, उघडल्याउघडल्या जा. गणपतीत पेठांकडे फिरकूच नका, ढोल-ताशांनी रस्त्यातच जीव घाबरा होतो. बालगंधर्व रंगमंदिराच्या कलादालनात एखादं चित्रप्रदर्शन बघायचं असेल तर उद्घाटनाचा दिवस टाळा.

पिशवीत कान झाकणारे हेडफोन, पाणी आणि रोजचाच खाऊ.

दारावर स्पष्ट सांगा. एका प्रदर्शनात माझा लेक आनंदानं हात फडफडवत होता, तर तिथला माणूस "नीट उभा राहा" म्हणून खेकसला. लेक कान दाबून जमिनीवर बसला तो उठेचना. पुढे कितीतरी दिवस 'चित्र' म्हटलं तरी तो खोलीबाहेर जायचा. आता मी आत शिरतानाच म्हणते, "दादा, हा स्वमग्न आहे. हात हलवतो, मधूनच ओरडतो. वस्तूंना हात लागणार नाही, ते मी बघते." बहुतेक जण समजून घेतात. यात ओशाळण्यासारखं काही नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा स्पष्ट समावेश आहे. दिव्यांग ओळखपत्र असेल तर जवळ ठेवा.

आत गेल्यावर सगळं बघायचा हट्ट सोडा. दिनकर केळकरांनी मुलगा राजा याच्या आठवणीत हजारो वस्तू जमवल्या. त्यातली एक पुरे. माझ्या लेकानं अडकित्ते निवडले. दोन पाती जिथे जुळतात त्या खिळ्याकडे तो टक लावून बघत राहिला, आणि हाताची दोन बोटं तशीच उघडत-मिटत राहिला. वीस मिनिटं! संग्रहालयातच मांडलेला मस्तानी महाल बघायचा राहिला. मी त्याला ओढलं नाही.

गुणगुणणं वाढलं, हात कानांकडे जायला लागले की निघा. खरं तर त्याच्या थोडं आधीच निघा, तो खुशीत असताना. म्हणजे पुढच्या खेपेला यायला तो तयार असतो.

घरी आल्यावर वहीत नवं पान घाला आणि पुढची वस्तू त्यालाच निवडू द्या. आमच्याकडे आता दिव्यांचा नंबर आहे.