आरएफ अ‍ॅम्प्लिफायरच्या चोकसाठी फेराइट गाभा कसा निवडावा

ट्रान्झिस्टरच्या ड्रेनला (आउटपुट टोकाला) वीज पुरवणाऱ्या चोकने, म्हणजे गाभ्यावर गुंडाळलेल्या तारेच्या वेटोळ्याने, रेडिओ वारंवारता (आरएफ) अडवायची असते आणि पुरवठ्याचा डीसी प्रवाह मात्र सहज जाऊ द्यायचा असतो. गाभा निवडताना यातील पहिल्याच कामाकडे लक्ष जाते, सर्वाधिक पर्मिअ‍ॅबिलिटीचे (चुंबकीय फ्लक्स सहज वाहू देण्याच्या क्षमतेचे) फेराइट उचलले जाते आणि निवड तिथेच चुकते.

म्हणून सुरुवात गरज मोजण्यापासून करावी. १२ व्होल्टवर ५ वॅट देणाऱ्या टप्प्यात ड्रेनला सुमारे १४ ओहमचा भार दिसतो. चोकचा इम्पीडन्स (एसी प्रवाहाला होणारा एकूण विरोध) सर्वांत खालच्या वारंवारतेला याच्या पाच ते दहापट असला की पुरतो. दहापट धरला तरी ३.५ मेगाहर्ट्झला साडेसहा मायक्रोहेन्री पुरेसे होतात. अर्धा इंच बाहेरील व्यासाच्या ६१ क्रमांकाच्या फेराइट मिश्रणाच्या टोरॉइडवर (कड्याच्या आकाराच्या गाभ्यावर) एवढा इंडक्टन्स दहा वेढ्यांत मिळतो.

आता हेच दहा वेढे त्याच मापाच्या ४३ क्रमांकाच्या गाभ्यावर घातले, तर इंडक्टन्स सहापटींहून अधिक होतो आणि निवड उत्तम वाटते. परंतु चुंबकीय मार्ग ३ सेंटीमीटर आणि डीसी प्रवाह १ अँपिअर असल्यास क्षेत्र सुमारे ३३० अँपिअर प्रतिमीटर होते. पर्मिअ‍ॅबिलिटी ८०० धरून हिशोब केला तर फ्लक्स घनता ०.३३ टेस्ला येते, आणि हे फेराइट ०.३ टेस्लाच्या आसपासच संपृक्त होते, म्हणजे त्याहून फारसा जास्त फ्लक्स सामावू शकत नाही. म्हणजे मीटरवर दिसलेला इंडक्टन्स प्रत्यक्ष प्रवाह सुरू होताच कोसळतो. ६१ची पर्मिअ‍ॅबिलिटी १२५ असल्यामुळे तिथे हाच आकडा जेमतेम ०.०५ टेस्ला असतो. इंडक्टन्स वेढ्यांच्या वर्गाने वाढतो, फ्लक्स मात्र वेढ्यांच्या सरळ प्रमाणात. त्यामुळे ६१वर अडीचपट वेढे घालून ४३एवढा इंडक्टन्स साधला तरी फ्लक्स ०.१३ टेस्लाच्या पुढे जात नाही. अर्थात वेढे वाढले की त्यांच्यातील कपॅसिटन्सही वाढतो आणि चोकचा स्वतःचा अनुनाद खाली सरकतो.

पुश-पुल रचनेत (दोन ट्रान्झिस्टर आळीपाळीने काम करतात तिथे) दोन्ही ड्रेनचे वेढे एकाच गाभ्यावर विरुद्ध दिशेने घातले, तर दोघांचे डीसी फ्लक्स परस्परांना रद्द करतात आणि तिथे ४३ निःशंकपणे वापरावे.

काही मेगाहर्ट्झच्या पुढे ४३चा इम्पीडन्स मुख्यतः रोधासारखा वागतो. हा दोषच आहे असे मी मानत नाही, कारण अशा ऱ्हासामुळे चोक आणि बायपास कपॅसिटर (पुरवठ्याच्या वाटेवरची आरएफ जमिनीकडे वळवणारा) यांच्यातून उद्भवणारी नको असलेली आंदोलने दबतात. मात्र त्याची किंमत उष्णतेत मोजावी लागते: ८.५ व्होल्ट आरएमएस आणि १००० ओहम समांतर रोध असताना केवळ ७२ मिलिवॅट खर्च होतात, तर व्हॉल्व्हच्या (निर्वात नळीच्या) प्लेटवरील १००० व्होल्टला तेवढ्याच रोधात १ किलोवॅट जाईल. प्लेट चोक हवेच्या गाभ्यावर गुंडाळतात, त्यामागे हेही एक कारण आहे.

७३ आणि ७७ ही मँगनीज-झिंक फेराइटे बऱ्यापैकी विद्युतवाहक असतात, त्यामुळे तारेचे इनॅमल खरवडले की गाभ्यातूनच शॉर्ट होऊ शकतो. आधी टेप गुंडाळावी.

अनोळखी गाभ्यावर दहा वेढे घालून कमी वारंवारतेला इंडक्टन्स मोजला, की मापांवरून पर्मिअ‍ॅबिलिटी काढता येते, पण उच्च वारंवारतेचा ऱ्हास त्यातून कळत नाही. त्यासाठी तयार चोक पूर्ण शक्तीवर काही मिनिटे चालवावा, वीज बंद करून लगेच गाभ्याचे तापमान मोजावे आणि ते ४३च्या १३० अंश सेल्सिअसच्या जरा वर असलेल्या क्युरी बिंदूपासून (ज्या तापमानाला फेराइटचे चुंबकीय गुण नाहीसे होतात) बरेच खाली असल्याची खात्री करावी.