ब्रिटनमध्ये नोकरी गेल्यावर घरभाड्याची मदत मागताना या चुका टाळा

ब्रिटनमध्ये खाजगी घरमालकाकडे भाड्याने राहणाऱ्या आपल्या लोकांना नोकरी गेल्यावर अर्ज भरायला मी मदत करतो. तेव्हा त्याच त्या चुका दिसतात, आणि त्यांतली सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे थांबणे. कामाच्या वयातल्या अशा भाडेकरूला नव्या अर्जावर भाड्याची मदत आता जुन्या हाउसिंग बेनिफिटमधून नव्हे, तर युनिव्हर्सल क्रेडिट या कमी उत्पन्नवाल्यांसाठीच्या सरकारी मदतीतून मिळते. तिचा पहिला हप्ता अर्जानंतर सुमारे पाच आठवड्यांनी येतो आणि मागची रक्कम, आजारपणासारखे नियमांत बसणारे कारण असेल तरच, जास्तीत जास्त एका महिन्याची मिळते.

माझ्या परिचयातल्या एका गृहस्थांची नोकरी फेब्रुवारीत गेली. दोन आठवड्यांत दुसरी मिळेल, सरकारपुढे हात कशाला पसरायचे, असे म्हणत त्यांनी एप्रिलच्या मध्यापर्यंत अर्ज केला नाही. मे महिन्यात पहिले पैसे आले तोवर तीन भाडी थकली होती, घर सोडण्याची नोटीस हातात पडली होती आणि मधल्या आठवड्यांची रक्कम कायमची बुडाली होती, कारण संकोच हे कारण नियमांत बसत नाही. ज्या करांतून ही मदत दिली जाते ते कर त्यांनी कित्येक वर्षे भरले होते, याचे मला आजही वाईट वाटते. शेवटचा पगार खात्यात जमा झाला की त्याच संध्याकाळी मी माणसाला अर्जाला बसवतो. पगार हिशेबाच्या पहिल्या महिन्यात आला तर मदत त्या प्रमाणात घटते, म्हणून फक्त तेवढेच थांबावे. मधल्या काळासाठी मिळणारा ॲडव्हान्स हे कर्ज आहे आणि ते पुढच्या हप्त्यांतून कापले जाते, त्यामुळे नड असेल तेवढाच घ्यावा.

करारातले पूर्ण भाडे मिळेल असे धरून चालणे ही दुसरी चूक. मदतीची कमाल मर्यादा लोकल हाउसिंग अलाउन्सच्या दराने ठरते. भागातल्या भाड्यांतील स्वस्त ३० टक्क्यांच्या पातळीवर हे दर एप्रिल २०२४ मध्ये आणले गेले आणि २०२५-२६ साली तिथेच गोठवले गेले. जोडीदार आणि मुले नसलेल्या ३५ वर्षांखालील व्यक्तीला, काही अपवाद सोडले तर, स्वतंत्र घरात राहूनही सामायिक घरातल्या एका खोलीचाच दर लागू होतो. मी आधी पोस्टकोडवरून दर पाहतो आणि भाडे, दर व फरक हे तीन आकडे वहीत लिहितो. मोबाइलवर दहा मिनिटांत अर्ज उरकणारे मात्र आठवड्याच्या भाड्याला चाराने गुणून मोकळे होतात. आठवड्याचे २०० पाउंड म्हणजे महिन्याचे ८०० नव्हेत. ५२ने गुणून १२ने भागले की ८६६.६७ येतात.

पुण्यातली मुदत ठेवही बचतीत धरली जाते. एकूण बचत १६,००० पाउंडांहून अधिक असेल तर मदत मिळत नाही, म्हणून ती लपवू नका.

सार्वजनिक निधीस, म्हणजे अशी सरकारी मदत घेण्यास, मनाई असलेला व्हिसा असेल, तर सल्लागाराला विचारल्याशिवाय अर्जच करू नका.

पैसे सहसा भाडेकरूच्याच खात्यात येतात. ते आले त्याच दिवशी भाडे भरा.

कौन्सिल टॅक्स म्हणजे घरपट्टीसारखा स्थानिक कर; त्यातील सवलतीचा अर्ज कौन्सिलकडे, म्हणजे स्थानिक पालिकेकडे, वेगळा करावा लागतो.

निर्णय चुकीचा वाटला तर फेरविचाराची मागणी एका महिन्याच्या आत जर्नलमध्ये, म्हणजे युनिव्हर्सल क्रेडिटच्या ऑनलाइन खात्यातल्या संदेशांच्या पानावर, लेखी नोंदवा. फोनवर कोणी काय सांगितले यावर मी कधीच विसंबत नाही.