फिशटँकच्या पाण्यात उतरलेला करंट कसा शोधावा

बोटाला बारीकशी चीर असताना टँकमध्ये हात घातला आणि नेमके त्या चिरेपाशी झिणझिणले, तर पाण्यात करंट उतरला आहे असे धरून चालावे. हात बाहेर काढून सर्व प्लग बोर्डातून उपसावेत. नुसते बटण बंद करून भागत नाही, कारण वायरिंगच्या वेळी बटण फेजऐवजी न्यूट्रलवर बसले असेल, तर ते बंद असूनही फेज उपकरणापर्यंत पोहोचलेलाच असतो.

पाण्यात मीटर घालण्यापूर्वी अर्थिंग तपासावे, कारण पुढची सर्व मापे त्याच्याच आधाराने घ्यायची असतात. फेज व अर्थिंग यांमध्ये 230 व्होल्टच्या आसपास, तर न्यूट्रल व अर्थिंग यांमध्ये जेमतेम एक-दोन व्होल्ट दिसावेत. हे काम वायरमनकडून करून घेतलेले बरे. सांगलीत ज्या घरांत 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेच्या पुराचे पाणी शिरले होते, तेथे तर सॉकेट नवे दिसले तरी त्यामागची अर्थिंगची तार शाबूत आहे का, हे आवर्जून पाहावे.

त्यानंतर मल्टीमीटर एसी व्होल्टच्या सर्वांत वरच्या रेंजवर ठेवून काळ्या वायरचे टोक सॉकेटच्या वरच्या मोठ्या, म्हणजे अर्थिंगच्या भोकात आणि लाल वायरचे टोक पाण्यात सोडावे. हात कोरडे असावेत, पायांत रबरी चप्पल असावी. सर्व उपकरणे सुरू करून आकडा लिहून घ्यावा, मग एकेक प्लग काढत तो किती उतरतो ते पाहावे आणि शेवटी प्रत्येक उपकरण एकटे लावून तपासावे. दोन पिनांचा प्लग उलटा घालूनही माप घ्यावे. फेजची बाजू बदलली की आकडाही बदलतो. हीटरचे माप त्याचा दिवा लागलेला असतानाच घ्यावे. आमच्याकडे उन्हाळ्यात पाणी मुळातच इतके कोमट असते की नॉब वर चढवल्याशिवाय तो दिवा लागतच नाही.

येथे एक फसगत होते. डिजिटल मीटर स्वतः जवळजवळ करंट घेत नसल्यामुळे धडधाकट मोटरही वीस-तीस व्होल्ट दाखवू शकते आणि माणूस चांगली मोटर फेकून देतो. म्हणून प्लग काढलेले असतानाच मीटरच्या दोन्ही टोकांमध्ये 47 किलोओहमचा, 2 वॅटचा रेझिस्टर जोडावा आणि पुन्हा मोजावे. आकडा कोसळून दोन-चार व्होल्टवर आला, तर तो केवळ आभास होता. तो टिकून राहिला, तर इन्सुलेशन खरोखरच फुटले आहे.

माझ्या तीन फुटी टँकमध्ये दोषी हीटरच निघाला. काच वरकरणी अखंड होती, पण रबरी टोपणाखाली केसाएवढी चीर होती आणि आत पाण्याची वाफ धरली होती. असा हीटर एम-सील लावून पुन्हा वापरण्याचा मोह अनेकांना होतो. तो टाकूनच द्यावा.

काचेची टाकी जमिनीपासून विलग असल्यामुळे पाण्यात करंट उतरला तरी 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळू लागताच वीज तोडणारा स्विच) सहसा लगेच पडत नाही; हात आत गेला आणि करंटला वाट मिळाली की मगच पडतो. तरीही तो हवाच. पाण्यात अर्थिंगची कांडी सोडायची असेल, तर ती आरसीसीबी बसवल्यावरच सोडावी, कारण त्याच्याविना ती कांडी बिघाड झाकते आणि माशांभोवती करंट वाहतच राहतो.