गाव तंबाखूमुक्त करायचे तर ठराव, टेप आणि नोंदवही हवी

३१ मे, म्हणजे जागतिक तंबाखूविरोधी दिन आला की शाळेची प्रभातफेरी निघते, शपथ होते, फोटो ग्रुपवर पडतात आणि संध्याकाळी टपरीपुढे नेहमीइतकीच माणसे उभी असतात. प्रबोधन वाया जाते असे नाही. पण शाळेच्या भिंतीला टेकून पुडी मिळत असेल आणि ग्रामपंचायतीच्या बैठकीतच तंबाखू मळली जात असेल, तर भाषण टिकत नाही. तोंडाचा कर्करोग कमी करायचा तर गावाचे नियम, आरोग्य केंद्राची कामाची पद्धत आणि गावातल्या जागा या तिन्हींत बदल करावा लागतो. ग्रामपंचायत, शाळा आणि उपकेंद्र मिळून तो कसा करता येईल ते इथे दिले आहे.

एक आकडा आधी पाहा. २०१६-१७च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात १५ वर्षांवरील २६.६ टक्के लोक तंबाखू वापरतात. त्यात विडी-सिगारेट ओढणारे ३.८ टक्के, तर तंबाखू, खर्रा, मावा, मिश्री असे न ओढता वापरणारे २४.४ टक्के (काही जण दोन्ही करतात). म्हणजे 'धूम्रपान निषिद्ध' एवढीच पाटी लावून थांबणारे गाव मोठ्या गटाला हातही लावत नाही.

पहिला आठवडा : मोजणी

ठरावाआधी गावफेरी करा. कागदावर गावाचा कच्चा नकाशा काढून त्यावर शाळा, अंगणवाडी, उपकेंद्र, एसटी थांबा, बाजारतळ आणि तंबाखू विकणारे प्रत्येक दुकान दाखवा. फक्त पानटपऱ्या मोजू नका. किराणा दुकान, चहाची गाडी आणि घरातून विकणारेही त्यात येतात. प्रत्येक ठिकाणी दोन गोष्टी टिपा : जागा कोणाची (गावठाण, बांधकाम विभागाचा रस्ता, खासगी, की ग्रामपंचायतीचा गाळा) आणि काय विकतात. जागेच्या मालकीवरच पुढचा उपाय ठरतो. थुंकीने रंगलेल्या भिंती आणि जिन्याचे कोपरे यांचे फोटो आत्ताच काढून ठेवा. सहा महिन्यांनी त्याच कोनातून पुन्हा काढायचे आहेत.

ठराव : काय लिहावे, काय लिहू नये

'संपूर्ण गावात तंबाखू विक्री बंद' असा ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर होतो आणि तिथेच संपतो. दारूसाठी 'आडवी बाटली'ची तरतूद आहे, तशी तंबाखूसाठी नाही. साध्या तंबाखूची विक्री कायदेशीर असल्याने असा ठराव दुकानदाराने आव्हान दिल्यावर टिकणे कठीण. त्यापेक्षा जे ग्रामपंचायतीच्या हातात आहे तेच लिहा, आणि प्रत्येक कामापुढे पदनाम लिहा. मसुदा असा करता येईल :

'ग्रामसभेत सर्वानुमते ठरले की : (१) ग्रामपंचायत कार्यालय, शाळा, अंगणवाडी, उपकेंद्र व समाजमंदिर यांच्या आवारात कोणत्याही प्रकारच्या तंबाखूचे सेवन व थुंकणे यांस मनाई राहील, सूचनाफलकाची जबाबदारी ग्रामपंचायत अधिकाऱ्याची (पूर्वीचे ग्रामसेवक). (२) ग्रामपंचायतीचे गाळे व जागा भाड्याने देताना किंवा करार नूतनीकरण करताना तंबाखूजन्य पदार्थ न विकण्याची अट घातली जाईल. (३) शाळेपासून १०० यार्डांतील विक्रेत्यांना १५ दिवसांची लेखी सूचना दिली जाईल. (४) समाजमंदिरातील कार्यक्रमात तबकात तंबाखू ठेवता येणार नाही. ही अट आरक्षणाच्या पावतीवर छापली जाईल. (५) दर तीन महिन्यांनी ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती अहवाल सादर करेल. सूचक... अनुमोदक...'

यातले दुसरे कलम सर्वांत कमी वादाचे आणि सर्वांत टिकाऊ आहे. करार संपेपर्यंत थांबावे लागते खरे, पण एकदा अट पडली की सरपंच बदलला तरी ती राहते.

ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी लागते. ती कागदोपत्री उरकू नका, कारण या विषयाला खरा पाठिंबा तिथूनच मिळतो. गणपूर्तीला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल तितके मतदार लागतात. मंजूर झालेला ठराव ग्रामपंचायत विकास आराखड्यात 'आरोग्यदायी गाव' या विषयाखाली घाला, म्हणजे फलक, रंगकाम आणि शिबिराचा खर्च तिथून मागता येतो. आराखड्यात नसलेल्या कामाला मार्चमध्ये पैसे उरत नाहीत.

१०० यार्ड कसे मोजावेत

सर्वांत जास्त घोळ इथे होतो. २००३च्या तंबाखू नियंत्रण कायद्याच्या (कोटपा) कलम ६नुसार १८ वर्षांखालील मुलांना तंबाखू विकता येत नाही आणि शैक्षणिक संस्थेपासून १०० यार्डांच्या आत कोणालाच विकता येत नाही. १०० यार्ड म्हणजे ९१.४४ मीटर. हे अंतर शाळेच्या फाटकापासून रस्त्याने चालत मोजायचे नसते. कुंपणाच्या बाहेरच्या कडेपासून सरळ रेषेत, सर्व दिशांना मोजायचे असते. शाळेमागच्या गल्लीतली टपरी रस्त्याने १५० मीटर भरते आणि मागच्या भिंतीपासून ४० मीटरवरच असते. विक्रेता पहिला आकडा सांगतो, पंच मान डोलावतात आणि टपरी राहते.

३० मीटरची टेप घ्या. कुंपणाच्या प्रत्येक कोपऱ्यापासून आणि प्रत्येक भिंतीच्या मध्यापासून मोजा. मध्ये घरे आली तर मोबाइलच्या नकाशावर अंतर मोजण्याची सोय वापरा आणि स्क्रीनचा फोटो पंचनाम्याला जोडा. कुंपण नसेल तर शाळेच्या जागेची हद्द ग्राम महसूल अधिकाऱ्याकडून (पूर्वीचे तलाठी) नकाशावर आधी दाखवून घ्या. १०० यार्डांची हद्द जिथे रस्ता ओलांडते तिथे पिवळी रेषा मारा. तंबाखूमुक्त शाळेच्या निकषांत ती अपेक्षित आहेच. साधा ऑइलपेंट डांबरावर लवकर उडतो, रस्त्यासाठीचा रंग वापरा.

कोटपाखाली कलम ६चा दंड २०० रुपयांपर्यंत आहे, आणि तेवढ्याने कोणी दुकान हलवत नाही हे मान्य करून चाला. दोन गोष्टींचा उपयोग जास्त होतो. टपरी सार्वजनिक रस्त्यावर अतिक्रमण करून असेल तर महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५३खाली कारवाई करता येते. आणि बालन्याय अधिनियम २०१५च्या कलम ७७नुसार मुलाला तंबाखू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, हे सूचनापत्रात ठळक छापा. बहुतेक विक्रेत्यांना ते ठाऊक नसते. गुटखा आणि सुगंधित तंबाखूची गोष्ट वेगळी : गुटख्यावर राज्यात २०१२पासून बंदी आहे आणि पुढे ती सुगंधित तंबाखू-सुपारीवरही आली. तो माल गावकऱ्यांनी स्वतः जप्त करू नये किंवा जाळू नये. अन्न व औषध प्रशासनाला किंवा पोलिसांना कळवावे, नाहीतर प्रकरण उलटे अंगावर येते.

टपरीवाला गावचाच असतो, बहुतेकदा कोणाचा तरी भाऊबंद. हद्दीबाहेर जागा किंवा दुसऱ्या मालासाठी गाळा देऊ केलात तर सूचनेवर भांडण होत नाही. फक्त जागा ९५ मीटरवर देऊ नका, मुले तेवढी चालतात. बाजारतळाच्या पलीकडे द्या.

पाट्या आणि थुंकी

सार्वजनिक ठिकाणची धूम्रपानबंदीची पाटी किमान ६० × ३० सेंटिमीटर हवी, प्रत्येक प्रवेशद्वारावर हवी, आणि तिच्यावर तक्रार कोणाकडे करायची त्याचे नाव हवे. ती जागा जवळजवळ सगळीकडे कोरी असते. शाळेत 'तंबाखू मॉनिटर'चे (तंबाखूबंदीवर लक्ष ठेवणाऱ्याचे) नावही असेच लिहावे लागते. बदली झाली की नाव बदलायचे, म्हणून त्या ओळीपुरती खडूची पट्टी ठेवा.

थुंकण्याला कोटपा लागू होत नाही. मात्र महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ११६नुसार सरकारी किंवा सार्वजनिक संस्थेच्या इमारतीत सूचना लावलेली असताना थुंकणे हा गुन्हा आहे. म्हणजे सूचना लावलेली असणे हीच कारवाईची अट आहे. कोटपाखालच्या दंडाच्या पावत्या फाडण्याचा अधिकार अधिसूचनेत नमूद केलेल्या पदांनाच असतो. शाळेत तो मुख्याध्यापकांना आहे. छापील पावतीपुस्तक जिल्हा तंबाखू नियंत्रण कक्षाकडून मागवा, साध्या वहीवर पैसे घेऊ नका.

मिश्रीचा प्रश्न वेगळा विचारा

'तंबाखू खाता का?' याला बायका सरळ 'नाही' म्हणतात आणि दिवसातून चारदा मिश्री लावतात. त्यांच्या लेखी ते दात घासणे असते. म्हणून आशाताईंच्या यादीत, गरोदर मातेच्या तपासणीत आणि बचत गटाच्या बैठकीत 'मिश्री लावता का? दिवसातून किती वेळा?' असाच प्रश्न ठेवा. 'आजपासून बंद' म्हटल्यावर त्या लपवतात. आधी शेवटची, रात्रीची वेळ सोडायची, मग दुपारची. सकाळची सवय सर्वांत चिवट असते. पर्याय म्हणून ब्रश-पेस्ट हातात द्या. डब्यावर 'दंतमंजन' लिहिलेले असले तरी आत तंबाखू नाही ना ते पाहून घ्या. दातदुखीसाठी मिश्री लावणारीला दंतवैद्याकडे पाठवल्याशिवाय ती सुटणार नाही.

तपासणी : पाठवले म्हणजे पोहोचले नव्हे

केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यातल्या चाचणीत प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्त्यांनी घरोघरी तोंडे तपासली. तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांतले तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू ३४ टक्क्यांनी घटल्याचे २००५ साली प्रसिद्ध झाले. त्यासाठी प्रखर उजेड, हातमोजे, तोंडात घालायचा आरसा आणि सरावलेला डोळा एवढेच लागते.

सरकारी कार्यक्रमात तिशीपुढच्या प्रत्येकाचे तोंड पाच वर्षांतून एकदा तपासायचे आहे. उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याने गालांची आतली बाजू, ओठांच्या आत, जिभेच्या दोन्ही कडा, जिभेखाली आणि टाळू या क्रमाने पाहावे. तंबाखू ठेवण्याची जागा विचारून ती दोनदा पाहावी. पुसून न जाणारा पांढरा चट्टा, लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम, किंवा स्वतःची तीन बोटे उभी तोंडात न जाणे, यांपैकी काहीही दिसले तर पुढे पाठवायचे. लाल चट्ट्याला सर्वांत आधी.

गळती होते ती इथे. चिठ्ठी दिली जाते, माणूस मजुरी बुडवून ग्रामीण रुग्णालयात जातो, त्या दिवशी दंतवैद्य नसतात, आणि तो परत जात नाही. म्हणून ग्रामीण रुग्णालयाशी बोलून महिन्यातला एक वार ठरवा, त्या दिवशी संशयितांना एकत्र न्या, सोबत आशाताई किंवा ग्राम आरोग्य समितीचा एक सदस्य द्या. प्रवासाचा खर्च समितीच्या मुक्त निधीतून भागवता येईल का ते आधी ठरवून घ्या. नोंदवहीत चार रकाने पुरेत : पाठवले ती तारीख, पोहोचले ती तारीख, तुकडा तपासणीचा (बायोप्सीचा) निकाल, उपचार सुरू झाल्याची तारीख. दुसरा रकाना दोन आठवडे रिकामा राहिला की घरी जायचे. निदान झाले तर महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेसाठी शिधापत्रिका आणि आधारवरचे नाव जुळते का ते त्याच आठवड्यात पाहा. नावातल्या एका अक्षरापायी शस्त्रक्रिया लांबते.

सोडू इच्छिणाऱ्यांसाठी राष्ट्रीय हेल्पलाइनचा क्रमांक, १८००-११-२३५६, केसपेपरच्या शिक्क्यावरच घ्या.

तिमाही अहवाल

अहवाल एका पानाचा असावा : हद्दीतील विक्रेते किती उरले, पाट्यांवर नावे आहेत का, फाडलेल्या पावत्या, तपासलेली तोंडे, पाठवलेले, पोहोचलेले, आणि ते जुने-नवे फोटो. पावत्या शून्य असतील तर नियम पाळला जातो असे गृहीत धरू नका, भिंतीचा फोटो पाहा. आणि ज्या बैठकीत हा अहवाल वाचायचा, तिथे सरपंचांपासून शिपायापर्यंत सर्वांच्या तंबाखूच्या चंच्या बाहेर ठेवायला सांगा. हे सांगणारा माणूस कोण, ते ठरावात आधीच लिहून ठेवलेले बरे.