पोराला लॅपटॉप घेताय? निदान या चुका तरी टाळा

जून उजाडला की माझ्या स्टुडिओत पासपोर्ट फोटोपेक्षा लॅपटॉपचीच चौकशी जास्त होते. बेळगावच्या शहापुरात पुढं स्टुडिओ आणि मागच्या खोलीत कॉम्प्युटर क्लास, त्यामुळं मला दोन्हीकडचं कळतं असा लोकांचा समज आहे. वाक्य ठरलेलं असतं: "पोराला पियुसीला लागतोय ओ सर, आणि जरा फोटोबिटो पण एडिट करतोय." (पियुसी म्हणजे आमच्याकडची अकरावी-बारावी.) मग मोबाईल पुढं येतो. त्यात दोन लॅपटॉप. किमतीत दोन-चार हजारांचा फरक. "यातला कुठला?" मी चष्मा लावेपर्यंत पुढचं वाक्य येतं, "आज रात्री बारापर्यंतच ऑफर हाय." तिथंच माझं डोकं फिरतं. तीन-चार वर्षं वापरायची वस्तू, आणि ठरवायला तीन तास नाहीत.

दरवर्षी माणसं बदलतात, चुका त्याच राहतात. म्हणून एकदाच लिहून टाकतो.

सात मोठा का तीन?

गेल्या वर्षी, २०२५ च्या जूनमध्ये, येळ्ळूरचे एक शेतकरी आले. मुलगा एसएसएलसी, म्हणजे दहावी, चांगल्या मार्कांनी पास, सायन्सला ॲडमिशन. त्यांच्यापुढं दोन पर्याय होते. एक कोरा लॅपटॉप, त्यात कोअर आय३-१२१५यू प्रोसेसर, म्हणजे लॅपटॉपचा मेंदू. दुसरा कुणीतरी बंगळूरहून आणून दिलेला वापरलेला, पॉलिश करून नव्यासारखा केलेला, त्यात कोअर आय७-६६००यू. रॅम दोन्हीत ८ जीबी. वापरलेला अर्ध्या किमतीत.

मी नवा घ्या म्हटलं. त्यांनी मला शांतपणे विचारलं, "सर, सात मोठा का तीन?"

"सात."

"मग झालं की ओ."

आणि ते उठून गेले. त्यांची काही चूक नव्हती. स्टिकरच तसे छापलेले असतात.

'आय'पुढचा आकडा म्हणजे त्या पिढीतला मान. खरी पिढी त्याच्यापुढच्या आकड्यात असते. ६६०० म्हणजे सहावी पिढी, ती २०१५ ची. १२१५ म्हणजे बारावी, २०२२ ची. त्या जुन्या आय-सेव्हनच्या आत दोनच कोअर, म्हणजे काम करणारे गडी, आहेत, नव्या आय-थ्रीत सहा. शर्यतीत नंबर काढलेला खिलार बैल म्हातारपणी चिखलणीला जुंपला तर काय होईल, हे मी येळ्ळूरच्या शेतकऱ्याला सांगायला हवं होतं. ऐन वेळी मला सुचलं नाही.

दोन महिन्यांनी पोरगा एकटाच आला. क्लासचा व्हिडिओ चालू ठेवून वहीचं पान स्कॅन करायला घेतलं की सगळं गोठायचं. बॅटरी तासभरसुद्धा टिकेना. त्यातच विंडोज १० ला कंपनीकडून मिळणारा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार म्हणून पडद्यावर सूचना यायला लागल्या. विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टची यादी इंटेलच्या, म्हणजे या 'कोअर आय'वाल्या कंपनीच्या, बाबतीत साधारण आठव्या पिढीपासून सुरू होते, शिवाय टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. सहाव्या पिढीला दार बंद. आडवाटेनं घुसवता येतं, यूट्यूबवर पोरं दाखवतात, पण मी ते कुणालाच करून देत नाही. उद्या एखादं अपडेट अडलं की तोच लॅपटॉप घेऊन माणूस माझ्याच दारात उभा. शेवटी दिवाळीला त्या बाप-लेकानं नवा घेतला. स्वस्तातला सौदा दीडपट महाग पडला.

वापरलेला घेऊच नका असं मी म्हणत नाही. आठव्या किंवा पुढच्या पिढीचा, एसएसडी (जुन्या हार्ड डिस्कपेक्षा वेगवान साठवण) असलेला, बिल आणि निदान सहा महिन्यांची हमी मिळणारा असेल तर बघा. नाहीतर राहू दे.

इंटेलची स्पर्धक कंपनी एएमडी, तिनं तर याहून मोठा घोळ घातलाय. रायझन ५ ७५२०यू आणि रायझन ५ ७५३०यू. फरक एका आकड्याचा, पण पहिल्यात चार कोअर आणि जुनी झेन २ रचना, दुसऱ्यात सहा कोअर आणि झेन ३. तिसरा आकडा रचना सांगतो. दुकानदार दोन्हीला "रायझन फाइव्ह" एवढंच म्हणतो, आणि त्याचं खोटंही नसतं. म्हणून माझा नियम एकच: पूर्ण मॉडेल नंबर कागदावर लिहून आणल्याशिवाय मी तोंड उघडत नाही. लोकांना राग येतो. येऊ दे.

पडद्याकडं कुणी बघतच नाही

ही माझ्या जिव्हाळ्याची चूक, कारण हिच्यात मीही सामील होतो.

क्लासमधला एक विद्यार्थी, हात चांगला, नजर चांगली. मामाचा जुना डीएसएलआर त्याच्याकडं होता. लॅपटॉप घ्यायच्या दिवशी त्यानं दुकानातून फोन केला. एकाला १ टीबीची एसएसडी आणि किबोर्डला खालून लाइट. दुसऱ्याला ५१२ जीबी, लाइट नाही, पण माहितीपत्रकावर '१०० टक्के एसआरजीबी' लिहिलेलं. मी हिंडलग्यात एका लग्नात उभा, समोर अंतरपाट धरलेला. "कुठलाही घे रे," म्हटलं आणि फोन ठेवला. त्यानं अर्थात लाइटवाला घेतला.

वैशाखातली शिवजयंती आली. बेळगावची चित्ररथ मिरवणूक ज्यांनी पाहिलीय त्यांना सांगायला नको. रात्रभर रस्ते भरलेले, भगवे फेटे, भगवे झेंडे, ढोल-ताशे, चित्ररथांवरचे दिवे. पोरानं पहाटेपर्यंत फोटो काढले आणि दुसऱ्या दिवशी एडिटला बसला. पडद्यावर फेटे त्याला विटके, धुतल्यासारखे दिसायला लागले. त्यानं रंगाची पट्टी उजवीकडं सरकवली. अजून थोडी. अजून थोडी. त्याच्या पडद्यावर फेटा शेवटी 'भगवा' झाला तेव्हा खऱ्या फाइलमध्ये तो पेटलेला होता. मंडळानं त्यातल्या एका फोटोचा मोठा फ्लेक्स छापला. फेट्यांच्या घड्या गायब, नुसते केशरी गोळे, आणि तोंडं सगळी हळदीला बसल्यासारखी. मंडळाच्या अध्यक्षांनी फ्लेक्सकडं बघून विचारलं, "पोरा, हे मावळे हायत का संत्री?"

पोरगा रडायचा बाकी होता. मी त्याचा लॅपटॉप आणि माझा मॉनिटर शेजारी ठेवून तीच फाइल उघडली, आणि मग दोघंही गप्प बसलो.

झालं होतं ते असं. स्वस्त लॅपटॉपचा पडदा बहुतेक वेळा '४५ टक्के एनटीएससी' असतो. एनटीएससी हे रंग मोजायचं एक जुनं माप. इंटरनेट आणि बहुतेक फोटो लॅब ज्या एसआरजीबी रंगांवर चालतात, त्यातले साधारण साठ-पासष्ट टक्केच हा पडदा दाखवू शकतो. त्यात लाल आणि केशरी हमखास मरतात. म्हणजे आपल्या गावात ज्या रंगाचे फोटो सगळ्यात जास्त निघतात, नेमका तोच. पडदा खोटं सांगतो आणि आपण त्या खोट्याची दुरुस्ती खऱ्या फोटोत करत बसतो. '७२ टक्के एनटीएससी' किंवा '१०० टक्के एसआरजीबी' लिहिलं असेल तर ठीक, दोन्हीचा अर्थ जवळपास एकच. काहीच लिहिलं नसेल तर मी ४५ च धरतो. आणि हेही लक्षात ठेवा की एकाच नावाच्या लॅपटॉपमध्ये कंपन्या दोन-दोन प्रकारचे पडदे घालतात. शेजाऱ्यानं घेतलेला चांगला निघाला म्हणून तुमचा निघेलच असं नाही.

पडदा आयपीएस, म्हणजे बाजूनं बघितलं तरी रंग फारसा न बदलणारा, आहे ना, एवढं तरी विचारा. जुन्या टीएन पडद्याचं झाकण दोन बोटं मागं ढकललं की फोटो काळपट होतो, पुढं ओढलं की पांढरा. त्याच्यावर उजेड-अंधार दुरुस्त करणं म्हणजे हलत्या तराजूवर सोनं तोलणं.

यावर माझी पद्धत शास्त्रीय वगैरे नाही. खिशात एक पेन ड्राइव्ह, त्यात चार फोटो: एक भगवा फेटा, एक रात्रीचा, एक आजीचा उन्हातला चेहरा आणि एक पांढऱ्या धोतराचा. खडेबाजारात असो की कॅम्पात, दुकानात जाऊन दोन्ही लॅपटॉपवर तेच फोटो उघडायचे, ब्राइटनेस सारखा करायचा, आणि समोरून, बाजूनं, थोडं उभं राहून बघायचं. रात्रीच्या फोटोत काळ्या घोंगडीचा पोत दिसतो का, धोतराच्या चुण्या दिसतात का. पंधरा मिनिटांचं काम. दुकानदाराला घाई झाली तर तो "स्वल्प अडजस्ट माडी", म्हणजे जरा जमवून घ्या, म्हणेल. करू नका अडजस्ट. जो दुकानदार पेन ड्राइव्ह लावू देत नाही, त्याच्याकडून मी घेत नाही.

एक पोरकट चूकही सांगून ठेवतो. रात्री डोळ्यांना बरं वाटतं म्हणून 'नाइट लाइट' चालू ठेवून एडिट करणारे मी पाहिलेत. सगळा पडदा पिवळा असतो, मग ते फोटो निळे करून आणतात आणि मला विचारतात, "प्रिंट अशी का आली?"

रॅमचं थोडक्यात

८ जीबीवर शाळेचं काम आणि हलकं एडिटिंग होतं. १६ वर सुखानं होतं. फोटोशॉपसाठी खुद्द ॲडोबीच किमान ८ आणि शिफारस १६ सांगते. पण मुद्दा आकड्याचा नाही, पुढं वाढवता येते का याचा आहे. काही लॅपटॉपना रॅम बोर्डावरच झाळलेली असते, जन्मभर तेवढीच. वर सांगितलेल्या ७५२०यूवाल्यांत ती तशीच असते. दोनांपैकी एकाला रिकामा स्लॉट असेल आणि बाकी सगळं उन्नीस-बीस असेल, तर मी डोळे झाकून स्लॉटवाला घेतो. वर्षभरानं हात मोकळा झाला की दुसरी पट्टी टाकायची. दोन पट्ट्या झाल्या की ग्राफिक्सही सुधारतं, कारण या लॅपटॉपना वेगळी ग्राफिक्स मेमरी नसते, ते रॅममधूनच उसनं घेतात.

बाकीच्या चुका, झटपट

"फोटो एडिट करायचंय म्हणजे ग्राफिक्स कार्ड पायजे" म्हणून गेमिंग लॅपटॉप घेऊ नका. सव्वादोन-अडीच किलोचं धूड आणि वर त्याचा विटेएवढा चार्जर. येळ्ळूरहून बसला लोंबकळत येणाऱ्या पोराच्या पाठीला विचारा.

६४ जीबी ईएमएमसीवाला (एसएसडीपेक्षा संथ, छोट्या साठवणीचा) छोटा लॅपटॉप म्हणजे फोटो ठेवण्यासाठी पाकीट घेतलं आणि ते विंडोजनंच भरलं.

५१२ जीबी घेतल्यावर पडद्यावर ४७६ दिसतात. दुकानदारानं फसवलं नाही, मोजण्याची रीत वेगळी आहे. भांडायला जाऊ नका.

पियुसी कॉमर्सवाल्यानं मॅकबुकच्या मोहात पडण्याआधी टॅली विंडोजवर चालतं, हे लक्षात घ्यावं. पडदा मात्र मॅकचा उत्तमच, त्याबद्दल वाद नाही.

बॅटरीचे "दहा तास" वाचू नका, वॅट-अवर, म्हणजे बॅटरीत किती वीज मावते ते वाचा. ४१ आणि ५४ यांतला फरक आपल्याकडं पावसाळ्यात करंट गेला की कळतो. आणि तीन पिनांच्या प्लगची जाड पिन कापून दोन पिनांच्या बोर्डात घालणाऱ्यांनो, लॅपटॉपच्या धातूच्या अंगाला हात लावल्यावर मुंग्या का येतात ते आता मला विचारू नका.

कोल्हापुरात स्वस्त मिळतो म्हणून शंभरावर किलोमीटर जाऊ नका. राज्याराज्यांतल्या करांच्या फरकाचे दिवस गेले. १ जुलै २०१७ पासून जीएसटी आहे, लॅपटॉपवर १८ टक्के, निपाणीच्या अलीकडंही तेवढाच आणि पलीकडंही तेवढाच. पक्कं बिल मात्र कुठूनही घेतलंत तरी घ्याच.

चोरीचं फोटोशॉप. "एक हजारात टाकून देतो" म्हणणारा प्रत्येक गल्लीत आहे. त्याच्यासाठी अँटीव्हायरस बंद करायला लावतात, आणि पुढं काय काय आत शिरतं ते फॉरमॅट मारायला माझ्याकडं येतं. शिकाऊ पोराला गिंप फुकट आहे, ब्राउझरमध्ये फोटोपी फुकट आहे. पोरं म्हणतात, "सर, सगळे फोटोशॉपच वापरतात." सगळ्यांना क्रॉपसुद्धा धड येत नाही, ते कुणी बघत नाही.

आणि किबोर्ड. आपल्या पोरांना मराठी, कन्नड, इंग्रजी तिन्ही टाइप करावं लागतं, म्हणून "कन्नड किबोर्डवाला लॅपटॉप हाय का?" असं विचारत बाजार हुडकणारे पालक मला भेटलेत. गरज नाही. विंडोजमध्ये दोन्ही भाषा आतच असतात, चालू करायला पैसे देऊ नका. इन्स्क्रिप्ट ही भारतीय भाषांची किबोर्ड-रचना शिकवा. तिची गंमत अशी की मराठीचा 'क' आणि कन्नडचा 'ಕ' एकाच बटणावर, इंग्रजी 'के'वर, बसतो. एक बोट बसलं की दोन भाषा बसतात. आमच्या क्लासात एक मुलगी निबंध मराठीत टाइप करते, शेवटच्या ओळीला भाषा बदलते आणि त्याच बोटांनी कन्नडचा गृहपाठ सुरू करते. तिचा लॅपटॉप म्हणाल तर तोच, येळ्ळूरच्या पोरानं दिवाळीला घेतला तसा, कोअर आय-थ्रीवाला. सात नंबर नाही.